कारागिराची कर्मशाळा : काटकसर कोठे करावी, कोठे करू नये

ग्रामीण भागातील सुतार, लोहार, कुंभार यांचे काम बहुधा घराच्या पडवीत किंवा अंगणातील झाडाखाली चालते. पावसाळ्यात लाकूड भिजते, अवजारे गंजतात आणि हाती आलेले काम परत पाठवावे लागते. घरालगत लहानशी कर्मशाळा उभी राहिली तर हा खंड टळू शकतो. मात्र गाठीशी पैसा थोडा असल्याने कशात बचत करावी आणि कशात करू नये, याचा विचार बांधकामापूर्वीच होणे आवश्यक आहे.

आकार कामावरून ठरवावा

दहा फूट रुंद व पंधरा फूट लांब जागा एका कारागिरास सामान्यतः पुरते. सुताराने दार आणि खिडकी समोरासमोर ठेवल्यास लांब फळी खिडकीतून बाहेर काढून कापता येते व तेवढ्यासाठी खोली वाढवावी लागत नाही. उत्तरेकडील खिडकीतून दिवसभर सौम्य उजेड मिळतो. लोहाराची भट्टी मात्र गोठा व कडब्याची गंज यांपासून दूर असावी. जुन्या घराची दारे, खिडक्या व सागवानी वासे तपासून घेतल्यास खर्चात मोठी बचत होते.

पाया व भिंती

काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीत पाया मुरुमापर्यंत नेणेच हिताचे. येथे केलेली बचत पुढे भिंतींच्या तड्यांतून वसूल होते. जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान दीड फूट उंच ठेवावे.

विटांच्या भिंतीत बचतीस वाव आहे. वास्तुरचनाकार लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी केरळमध्ये लोकप्रिय केलेल्या 'रॅट ट्रॅप' बांधणीत विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचतात. त्यामुळे नऊ इंची भिंतीच्या आत पोकळी राहते, विटा सुमारे एक-चतुर्थांश कमी लागतात आणि पोकळीतील हवेमुळे खोलीत उष्णता कमी शिरते. जोते, कोपरे आणि दार-खिडक्यांच्या बाजू मात्र भरीव बांधाव्यात.

किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत हजारो लोकांचे प्राण घेतले. तेथील अनेक घरांच्या जाड भिंती ओबडधोबड दगड व माती यांच्या होत्या आणि माथ्यावर मातीचे जड माळवद होते. भिंतीचे आतील व बाहेरील थर एकमेकांशी जोडलेले नसल्याने ते सुटे होऊन कोसळले. म्हणजे भिंतीची केवळ जाडी माणसाला वाचवीत नाही. तिची बांधणी वाचविते.

म्हणून दगडी भिंतीत दर दोन फूट उंचीवर, चार-चार फुटांच्या अंतराने, आरपार जाणारे दगड बसवावेत. दार-खिडक्यांच्या माथ्यावर चारही भिंतींवरून अखंड फिरणारा, किमान तीन इंच जाडीचा व दोन सळ्यांचा काँक्रीटचा पट्टा घालावा. एकंदर खर्चाच्या मानाने हा भाग लहान आहे, परंतु तो गाळणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

छप्पर

पत्र्याचे छप्पर हलके व स्वस्त असते. तथापि वादळात वारा ते खालून उचलतो. यासाठी पत्रे आकड्यांनी कैच्यांना, कैच्या खांबांना व खांब पायाशी पक्के जखडावेत. उष्ण हवा निघून जाण्यासाठी आढ्याखाली झरोके ठेवावेत.

बांबू वापरावयाचा असल्यास तीन-चार वर्षांचा पक्व बांबू निवडून बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरवावा. हे द्रावण पावसाने धुऊन जाते. त्यामुळे बांबू छपराच्या आडोशास राहिला पाहिजे आणि त्याचा बुंधा जमिनीत न पुरता काँक्रीटच्या बैठकीवर बसविला पाहिजे. २०१७ मध्ये वन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने बांबू 'वृक्ष' या व्याख्येतून वगळला गेला. त्यामुळे शेताच्या बांधावर वाढविलेला बांबू तोडणे सुलभ झाले आहे.

भांडवल व पंचायतीचे साहाय्य

केंद्र शासनाने २०२३ मध्ये सुरू केलेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश करण्यात आला. पात्र कारागिरास अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य, तसेच पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंतचे विनातारण कर्ज ५ टक्के व्याजाने देण्याची तरतूद त्यात आहे. अवजारांचा भार अशा रीतीने हलका झाला, तर स्वतःजवळची शिल्लक इमारतीकडे वळविता येईल.

बांधकामाची परवानगी देतानाच पंचायत सदस्यांनी आरपार दगड, पट्टा व छपराची जखडण या तीन गोष्टींची चौकशी करावी. शिक्षकांनी गावातील एखादे चालू बांधकाम विद्यार्थ्यांना दाखवून त्यांमागील कारणे समजावून द्यावीत. भिंतींना गिलावा आज झाला नाही तर पुढच्या हंगामात करता येतो. भिंतीच्या पोटात राहून गेलेला पट्टा मात्र मागाहून घालणे कठीण व खर्चाचे असते. कारागिराच्या तुटपुंज्या पैशाचा विनियोग याच क्रमाने व्हावयास हवा.