पाठीवरचे ओझे

चित्रपटगृहात मीही हसलो होतो, हे आधी कबूल केलेले बरे. २०१५ साली 'दम लगा के हईशा' हा हिंदी चित्रपट लागला तेव्हाची गोष्ट. हरिद्वारचा सडपातळ प्रेमप्रकाश तिवारी सामूहिक विवाहाच्या मांडवात आपल्या चांगल्या वजनदार वधूशेजारी पडेल चेहऱ्याने बसतो आणि प्रेक्षकांत खसखस पिकते. त्या खसखशीत माझाही वाटा होता.

असे हसायला आम्हांला चित्रपटांनीच शिकविले. १९४७ च्या 'दर्द'मध्ये ज्या उमादेवींच्या गळ्यावर लोक लुब्ध झाले, त्यांनाच १९५० च्या 'बाबुल'पासून 'टुणटुण' हे नाव चिकटले. पुढे त्यांनी पडद्यावर नुसते पाऊल टाकले, की लोक हसू लागत. गाणारी बाई विसरली गेली. अंगाचा घेर तेवढा ध्यानात राहिला.

दिग्दर्शक शरत कटारिया यांनी अशा अंगाच्या मुलीला चक्क नायिका केले. काळ आहे १९९५ चा. संध्या वर्मा बी. एड. झालेली. प्रेम दहावी नापास, इंग्रजीत अडकलेला. कॅसेटचे दुकान चालवतो आणि कुमार सानूला दैवत मानतो. त्यातून कॅसेटचा जमानाही सरत आलेला! खोट कोणाच्या पदरी अधिक, हे एखादे पोरही सांगेल. पण लग्नाच्या बाजारात तराजूत बसवतात ती मुलीलाच. सून शिक्षिका होईल, पगार घरात येईल, हा तिवारी मंडळींचा हिशेब. मुलाला विचारतो कोण?

मग तो प्रसंग येतो. मित्राच्या लग्नात दारूच्या तारेत प्रेम बायकोविषयी नको ते बोलून जातो. संध्या ते ऐकते आणि चारचौघांदेखत त्याच्या थोबाडीत ठेवून देते. तोही उलट हात उगारतो. ती सरळ माहेरची वाट धरते. सारे चित्रपटगृह चिडीचूप झाले होते.

त्या शांततेत मला आमची आक्का आठवली. घरातल्या प्रत्येक फोटोत ती मागच्या रांगेत असे. तिला तसे कोणी सांगत नसे. ती आपणहून जाई. आम्ही भावंडे तिला 'डबा' म्हणत असू आणि तीही हसे. तिच्या त्या हसण्यालाच आम्ही तिची संमती समजत आलो.

संध्या मागच्या रांगेत जात नाही. ती अजिजी करीत नाही, वजन उतरविण्याच्या खटपटीलाही लागत नाही. न्यायालय सहा महिने एकत्र राहा म्हणते, तेव्हा ही दोघे टेपरेकॉर्डरवर एकमेकांना झोंबतील अशी गाणी लावून भांडतात. काय बहारीचे भांडण आहे ते! शेवटी नवऱ्यांनी बायकांना पाठीवर घेऊन धावण्याची शर्यत लागते. प्रेमला खरे जड झाले होते ते स्वतःचे नापासपण, हे तिच्या सरावात हळूहळू उलगडते. संध्येचे वजन तेवढेच राहते. बदलतो तो नवरा.

तरीही माझी एक तक्रार आहे. मेरठला नोकरी मिळविणाऱ्या मुलीचे मोल पटवायला नवऱ्याची पाठ कशाला हवी होती?

भूमी पेडणेकरचा हा पहिलाच चित्रपट. त्याआधी ती पडद्यामागे, नटनट्या निवडण्याच्या कामात मदतनीस होती. या भूमिकेसाठी तिने मुद्दाम वजन वाढविले. चित्रपटाला उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण मी जिथे जिथे विषय काढला, तिथे मला विचारले गेले ते एवढेच, की तिने नंतर वजन उतरविले कसे!

गेल्या दिवाळीत आक्का आमच्याकडे आली होती. घरीच टीव्हीवर हा चित्रपट लावला. मांडवाच्या प्रसंगाला ती गप्प होती. थोबाडीत बसली तेव्हा मात्र ती खो खो हसू लागली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी काही हसलो नाही. पदराने डोळे पुसत ती मला म्हणाली, "तेवढे पुन्हा लाव रे."