गेम कन्सोलमधील ऑप्टिकल डिस्क

ऑप्टिकल डिस्क ही लेसर किरणाने वाचली जाणारी तबकडी होय. कन्सोलमध्ये ती प्रथम १९८८ साली जपानी 'पीसी इंजिन'च्या सीडी-रॉम जोडयंत्रामुळे आली. सुमारे ६५० मेगाबाइटांची सीडी कार्ट्रिजपेक्षा स्वस्त व प्रशस्त ठरली. पुढे प्लेस्टेशन २ ने (२०००) डीव्हीडी, तर प्लेस्टेशन ३ ने (२००६) ब्ल्यू-रे स्वीकारली.

नक्कल रोखण्यासाठी काही कंपन्यांनी स्वतंत्र तबकड्या काढल्या. ड्रीमकास्टची जीडी-रॉम सुमारे १ गिगाबाइटची होती. तरीही साध्या सीडीवर तिच्या नकला निघाल्याच. सोनीच्या पीएसपीची १.८ गिगाबाइटांची, जेमतेम ६ सेंटिमीटर व्यासाची यूएमडी अन्य कोणत्याही कन्सोलवर चालत नसे. मुंबईच्या ट्राइन गेम्सचा 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' प्लेस्टेशन २ प्रमाणेच पीएसपीसाठीही निघाला. मात्र २००९ च्या 'पीएसपी गो'मध्ये सोनीनेच यूएमडीचा चालक वगळला. विकत घेतलेल्या तबकड्या त्यात निरुपयोगी ठरल्या.