रेडिओ आकाश (७) : विझत गेलेला ठिपका

मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास गच्चीवर गेलात, तर स्वातीच्या पूर्वेला ताऱ्यांची एक छोटी कमान दिसेल. हा उत्तर मुकुट. त्यातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यापासून एका अंशाच्याही आत एक दीर्घिका आहे. ती ४८ कोटी प्रकाशवर्षे दूर, त्यामुळे डोळ्यांना दिसणार नाही. तिच्या गाभ्यातल्या कृष्णविवराने बहुधा एक तारा फाडला, आणि त्याची खूण आपल्या दप्तरी १९८६ पासून पडून होती.

तारा कृष्णविवराच्या फार जवळ गेला की त्याच्या अलीकडच्या बाजूला पलीकडच्या बाजूपेक्षा कितीतरी जास्त ओढ बसते. समुद्राला भरती येते तीही अशाच फरकामुळे. इथे मात्र तो फरक ताऱ्याच्या स्वतःच्या गुरुत्वाला पुरून उरतो. तारा ताणला जातो आणि फाटतो. साधारण निम्मा वायू कृष्णविवराकडे परततो, बाकीचा बाहेर भिरकावला जातो. या धुमश्चक्रीतून वेगाने सुटलेला वायू भोवतालच्या विरळ वायूवर आदळला, की तिथले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेत रेडिओ लहरी सोडतात. दृश्य प्रकाशातली चमक बहुतेकदा काही महिन्यांत ओसरते, आणि धुळीआड असेल तर दिसतही नाही. रेडिओ लहरींना धूळ अडवत नाही, शिवाय त्या वर्षानुवर्षे येत राहतात. म्हणून काही वर्षांच्या अंतराने केलेले आकाशाचे दोन नकाशे शेजारी ठेवून काय बदललं ते शोधता येतं.

न्यू मेक्सिकोतल्या २७ तबकड्यांच्या ‘व्हीएलए’ या रेडिओ दुर्बिणीने असे नकाशे केले आहेत. ‘फर्स्ट’ हे सर्वेक्षण १९९३ मध्ये सुरू झालं, ‘व्हीलास’ २०१७ मध्ये. कॅलटेकचे विक्रम रवी, टोरोंटो विद्यापीठाच्या हॅना डायकार आणि सहकाऱ्यांना दोन्हींची तुलना करताना उत्तर मुकुटातल्या त्या दीर्घिकेत एक रेडिओ ठिपका सापडला. ‘फर्स्ट’मध्ये तो ठळक होता, नव्या नकाशात जवळजवळ नाहीसा. मग त्यांनी आणखी जुनी दप्तरं उघडली. अमेरिकेतल्या ग्रीन बँकच्या ३०० फुटी रेडिओ दुर्बिणीने १९८६ आणि १९८७ मध्ये तो टिपला होता, आणि तेव्हा तो ‘फर्स्ट’मधल्यापेक्षाही प्रखर होता. २०१९ पर्यंत त्याचं तेज सुमारे ४०० पटींनी घटलं होतं.

पण विझणारा प्रत्येक ठिपका म्हणजे फाटलेला तारा नव्हे. सुपरनोव्हाही विझतात, आणि वायू गिळणारी कृष्णविवरं एरवीही कमी-जास्त होत असतात. म्हणून जागा नेमकी मोजावी लागते. हा ठिपका दीर्घिकेच्या केंद्रापासून अवघा ०.१५ विकला (आर्कसेकंद) दूर भरला, म्हणजे जवळपास केंद्रातच. मात्र त्या केंद्रातलं कृष्णविवर एरवीही थोडा वायू गिळत असतं. त्यामुळे तारा फाटला हे स्पष्टीकरण सर्वांत जुळणारं असलं, तरी शोधकांनी इतर शक्यता पूर्णपणे खोडून टाकलेल्या नाहीत. हा सावधपणा मला शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

ग्रीन बँकची ती दुर्बीण १५ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री कोसळली. तिने काय पाहिलं होतं हे कळायला आणखी तीस वर्षं जावी लागली.

पुढच्या आठवड्यात : २०१८ मध्ये फाटलेला आणि जवळपास तीन वर्षांनी रेडिओत उजळलेला तारा.