ओव्हन नाही? पळसाचं पान आहे ना! लहानग्यांसोबत घरचं बेकिंग

हेडफोन लावलाय ना? आज विषय आहे बेकिंग. आता म्हणाल, 'आमच्या मूल-सावलीत, धानोऱ्यात ओव्हन कुणाकडे आहे?' नसू दे. बेकिंग म्हणजे काय, तर कोरड्या उष्णतेवर पीठ भाजणं. आपल्या विदर्भात हे पिढ्यान् पिढ्या चालू आहे: गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे आणि पळसाच्या पानात पानगे.

आज हे कशासाठी? घरात चार-पाच वर्षांची भाची किंवा धाकटा भाऊ असतो. त्यानं किरकिर केली की आपण मोबाईल देतो, नाहीतर पाच रुपयांचा बिस्किटपुडा. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलं की 2 ते 4 वर्षांच्या मुलांना दिवसाला 1 तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी असेल तर आणखी चांगलं. पण मोबाईल काढून घेतला, तर हातात दुसरं काहीतरी द्यावं लागेल ना? द्या कणकेचा गोळा.

साहित्य एकदम साधं. 2 वाट्या जाडसर कणीक, 2 चमचे तेल, चवीपुरतं मीठ, थोडा ओवा. घट्ट भिजवा, 20 मिनिटं झाकून ठेवा. तळहाताएवढे, बोटभर जाडीचे पानगे थापा. खाली-वर धुतलेलं पळसाचं पान लावा आणि निखाऱ्यावर भाजा. शहरात क्वार्टरमध्ये राहता? मग जाड तवा, वर झाकण, मंद आच. दोन्ही बाजू 10-12 मिनिटं. एक मोडून बघा, आत चिकट पांढरं दिसलं तर अजून भाजा. रिकामा कुकर मात्र तापवू नका, त्याचं रबर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह खराब होऊ शकतो.

पान कशाला? पान राख लागू देत नाही आणि आतली वाफ धरून ठेवतं. म्हणून पानगा आतून शिजतो आणि बाहेरून खरपूस होतो. आणि ज्वाळ नको, निखारेच हवेत. ज्वाळेवर वरून करपतं, आत कच्चं राहतं. निखारे सारखी उष्णता देतात.

आता एक प्रयोग. आपल्या झाडीपट्टीत धान मुबलक. एक गोळा कणकेचा करा, एक तांदळाच्या पिठाचा, दोन्ही गार पाण्यात भिजवा. लेकराला थापायला सांगा. कणीक ताणली जाते, तांदळाचं पीठ चिरतं. कारण गव्हात ग्लुटेन असतं, ते पाणी लागलं की रबरासारखी जाळी बनवतं. तांदळात ते नसतं, म्हणून भाकरीसाठी आपण गरम पाणी घालतो. हे पोट्टं पुस्तकाच्या आधी बोटांनी शिकतं.

काम वाटून द्या. दोन-तीन वर्षांचं असेल तर पानं धुणं, पीठ ओतणं. चार-पाच वर्षांचं असेल तर मळणं, थापणं, मोजणं. सहा-सातचं झालं की वाटीनं माप घेणं. पानगा वाकडा झाला तरी पुन्हा थापू नका. त्याचा आहे, तो त्यालाच खाऊ द्या.

आता नीट ऐका. चूल किंवा शेगडीपासून 3 फुटांवर खडूनं रेघ काढा. त्या रेघेच्या आत फक्त मोठी माणसं. निखारे लाल दिसत नाहीत, वर राख असते, तरी ते भाजतात. बंद खोलीत गोवऱ्या पेटवू नका, धूर लेकराच्या छातीत जातो. वाळल्या पाचोळ्याजवळ विस्तव नको, बाजूला पाण्याची बादली ठेवा. आणि कच्ची कणीक चाखू देऊ नका. कच्च्या पिठात जंतू असू शकतात, भाजल्यावर ते मरतात.

भाजलंच, तर भाजलेला भाग लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटं धरा. टूथपेस्ट नाही, हळद नाही, बर्फही नाही. फोड मोठा असेल, किंवा चेहरा-हात भाजला असेल, तर थेट दवाखाना.

आणखी एक. पानं आणायला लेकराला घेऊन जंगलात शिरू नका. चंद्रपूर-गडचिरोलीत मोह, तेंदू वेचायला गेलेल्यांवर वाघाचे हल्ले होतात, हे आपल्याला सांगायला नको. बांधावरचा, अंगणातला पळस पुरे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळसाची पानं गळलेली असतात, तेव्हा केळीचं पान चालतं.

पानगे तयार झाले की तूप सोडा, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. घरी आजी असेल तर तिला बाजूला बसवा. गोळा किती घट्ट हवा, हे तिच्या बोटांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

या रविवारी करून बघा. पहिला पानगा लेकराच्या हातानं घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला द्यायला लावा. मग बघा, मोबाईल कोण मागतं ते! चला, भेटू पुढच्या भागात.