हॉपप्रधान लागरचे आस्वाद-परीक्षण

हॉपप्रधान लागरचे आस्वाद-परीक्षण म्हणजे हॉपचा कडवटपणा व सुगंध ठळक असलेल्या लागर प्रकारच्या बिअरचे रूप, गंध, चव आणि मुखानुभव यांची ठरावीक क्रमाने व ठरावीक निकषांवर केलेली तपासणी होय. परीक्षकाला बिअर आवडली की नाही, हा या तपासणीचा विषय नसतो. ती ज्या शैलीची म्हणून सांगितली आहे त्या शैलीशी कितपत जुळते, तिच्यात दोष आहेत का आणि ते निर्मितीत उद्भवले की साठवणीत, हे ठरवणे हा तिचा हेतू असतो. नांदेड, लातूर यांसारख्या उष्ण आणि निर्मितीकेंद्रांपासून दूर असलेल्या शहरांत यांतील शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

बिअर ही मुख्यतः सातूचे माल्ट, पाणी, हॉप आणि यीस्ट यांपासून तयार होते. सातूचे दाणे भिजवून, मोड आणून वाळवले म्हणजे माल्ट तयार होते. लागर हे नाव साठवणे या अर्थाच्या जर्मन क्रियापदापासून आले आहे. या बिअरचे किण्वन साधारणपणे ७ ते १३ अंश सेल्सिअस इतक्या कमी तापमानात होते व त्यानंतर ती कित्येक आठवडे गोठणबिंदूच्या जवळपास ठेवून मुरवली जाते. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियन हान्सेन यांनी १८८३ साली लागरच्या यीस्टचे शुद्ध संवर्धन यशस्वी केले आणि लागरची चव प्रत्येक वेळी सारखी ठेवणे शक्य झाले.

हॉप ही भांगेच्या कुलातील एक वेल आहे. तिच्या मादी वेलीवरील शंकूसारख्या फुलोऱ्यांत राळ व सुगंधी तेले असतात. राळेतील आल्फा आम्लांचे उकळताना आयसो-आल्फा आम्लांत रूपांतर होते व त्यांमुळे बिअरला कडवटपणा येतो. सुगंधी तेले मात्र उकळताना उडून जातात. म्हणून सुगंधासाठीचे हॉप उकळण्याच्या शेवटी किंवा किण्वनानंतर थंड बिअरमध्ये घालतात. या दुसऱ्या पद्धतीस ड्राय हॉपिंग म्हणतात. हॉपच्या वेलीला फुलण्यासाठी उन्हाळ्यातील लांब दिवस लागतात. त्यामुळे १८ ते २० अक्षांशांदरम्यानच्या मराठवाड्यात तिची लागवड होत नाही. भारतात ती हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात होते.

कडवट फिक्या लागरचा आदर्श म्हणजे बोहेमियातील पिल्सेन शहरात योझेफ ग्रोल यांनी १८४२ साली तयार केलेली सोनेरी बिअर. तिच्यावरून पिल्सनर हे नाव रूढ झाले. पारंपरिक पिल्सनरमध्ये साझ, हॅलर्टाऊ, टेटनँग, श्पाल्ट या मध्य युरोपीय हॉपांचा फुलांसारखा, किंचित मसालेदार सुवास असतो. अलीकडील क्राफ्ट लागरमध्ये अमेरिका व न्यूझीलंड येथील हॉप वापरून संत्र्याची साल, लिंबाची साल, चिडाची राळ किंवा पिकलेली फळे यांची आठवण करून देणारा गंध आणला जातो.

परीक्षणाची पूर्वतयारी

बिअर ६ ते १० अंश सेल्सिअस तापमानास तपासतात. बिअर जितकी थंड तितकी चांगली, असा समज बाजारात आढळतो. परंतु बर्फासारख्या थंड बिअरमधून गंधद्रव्ये बाहेर पडत नाहीत आणि जीभही बधिर होते. परिणामी गुण व दोष दोन्ही झाकले जातात.

ग्लास पारदर्शक, गंधहीन आणि तेलकटपणा नसलेला असावा. तुपाचा किंवा साबणाचा किंचित अंशही फेस मोडतो. परीक्षणापूर्वी तंबाखू, पान, वेलची, तिखट जेवण व अत्तर वर्ज्य मानतात. खोलीत उदबत्ती किंवा फोडणीचा वास नसावा. दोन नमुन्यांच्या मध्ये साधे पाणी व बिनमिठाचा पाव घेऊन तोंड स्वच्छ करतात. नमुन्यांवर केवळ क्रमांक असतात. नाव किंवा किंमत कळली तर मत त्यानुसार झुकते, म्हणून ही दक्षता घेतली जाते.

परीक्षणाच्या पायऱ्या

गंध : उडून जाणारी गंधद्रव्ये प्रथम निसटतात, त्यामुळे ओतल्याबरोबर लगेच वास घेतला जातो. आधी हॉपचा, मग माल्टचा व शेवटी किण्वनातून आलेला गंध नोंदवतात. स्वच्छ लागरमध्ये यीस्टजन्य फळांचा वास जवळजवळ नसावा. ताज्या लागरमध्ये विझलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा गंधकाचा पुसट वास काही शैलींत क्षम्य मानला जातो.

रूप : रंग फिकट पिवळ्यापासून सोनेरीपर्यंत असतो. पारंपरिक पिल्सनर नितळ असावी लागते. ड्राय हॉपिंग केलेल्या लागरमध्ये थोडा धूसरपणा चालतो. फेस पांढरा, दाट व टिकाऊ असावा आणि पिताना ग्लासच्या आतील बाजूस त्याची वलये राहावीत.

चव : छोटा घोट तोंडात सर्वत्र फिरवून त्यातील थोडा गिळला जातो, कारण मागे उरणारा कडवटपणा गिळल्यानंतरच स्पष्ट होतो. प्रथम माल्टची भाजलेल्या पावासारखी सौम्य गोडी, नंतर हॉपची चव आणि शेवटी कडवटपणा असा क्रम जाणवतो. कडवटपणा किती आहे यापेक्षा तो कसा आहे, याकडे परीक्षक अधिक लक्ष देतो. चांगल्या लागरमधील कडवटपणा स्पष्ट असतो, पण काही क्षणांत ओसरतो आणि पुढच्या घोटासाठी तोंड मोकळे करतो. घशाशी खरखरीतपणे रेंगाळणारा कडवटपणा हा दोष होय.

मुखानुभव : बिअरचा हलकेपणा किंवा भरीवपणा, वायूचे बुडबुडे आणि तुरटपणा यांची नोंद येथे होते. कडू आणि तुरट यांतील गल्लत ही नवशिक्या परीक्षकांची नेहमीची चूक आहे. कडू ही चव असून तुरटपणा हा तोंड आवळून आल्यासारखा स्पर्शानुभव आहे. कारल्याचा वा कडुनिंबाच्या कोवळ्या पानांचा कडवटपणा आणि कच्च्या जांभळाचा वा सुपारीचा तुरटपणा हा भेद मराठी भाषकास रोजच्या जेवणातून परिचित असल्याने तो लवकर पकडता येतो.

गुणांकन

१९८५ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्राम या संस्थेची गुणपत्रिका जगभर वापरली जाते. तिच्यात एकूण ५० गुण असून त्यांची विभागणी पुढीलप्रमाणे आहे :

गंध – १२
रूप – ३
चव – २०
मुखानुभव – ५
एकूण परिणाम – १०

रूपाला केवळ ३ गुण आहेत, तर गंध व चव मिळून ३२ गुण होतात. ४५ व त्यापुढील गुण मिळवणारी बिअर असाधारण, ३८ ते ४४ गुणांची उत्कृष्ट, ३० ते ३७ गुणांची फार चांगली आणि २१ ते २९ गुणांची चांगली समजतात.

कडवटपणा मोजण्यासाठी आंतरराष्ट्रीय कडवटपणा एकक वापरतात. एक एकक म्हणजे ढोबळमानाने एका लिटरमधील एक मिलिग्रॅम आयसो-आल्फा आम्ल. वरील संस्थेच्या निकषांनुसार जर्मन पिल्ससाठी २२ ते ४० आणि चेक प्रीमियम फिक्या लागरसाठी ३० ते ४५ एकके अपेक्षित आहेत. मात्र हा आकडा चवीचा पर्याय नव्हे. माल्टची गोडी अधिक असल्यास ४० एककांची बिअरही सौम्य लागते.

प्रमुख दोष

फिक्या लागरमध्ये भाजक्या माल्टची किंवा मसाल्यांची चव नसते. त्यामुळे तिच्यातील दोष लपत नाहीत आणि निर्मात्याच्या कौशल्याची कसोटी लागते. दोषांचे दोन गट पडतात.

निर्मितीतील दोष : लोण्यासारखा वास डायअसिटिल या द्रव्यामुळे येतो. लिटरमागे सुमारे ०.१ मिलिग्रॅम प्रमाणही सरावलेल्या नाकास कळते. किण्वनाच्या अखेरीस तापमान थोडे वाढवून यीस्टला ते शोषून घेण्यास अवधी दिला, तर हा दोष टळतो. उकडलेल्या मक्यासारखा किंवा शिजलेल्या कोबीसारखा वास डायमिथिल सल्फाइडचा असतो. माल्टचा अर्क पुरेसा न उकळल्यास तो राहतो. हिरव्या सफरचंदाचा वास अॅसिटाल्डिहाइडचा असून तो अपुऱ्या मुरवणीचे लक्षण आहे. शिरक्यासारखा आंबटपणा जंतुसंसर्ग दर्शवतो. पाण्यातील क्षारही चवीवर परिणाम करतात. पिल्सेनचे पाणी अत्यंत मृदू आहे. याउलट दख्खनच्या बेसाल्ट खडकातील भूजल बहुधा कठीण असते. बायकार्बोनेटयुक्त पाणी प्रक्रिया न करता वापरल्यास हॉपचा कडवटपणा खरखरीत होतो.

साठवणीतील दोष : प्राणवायू व उष्णता यांमुळे बिअर शिळी होते. प्रथम हॉपचा सुगंध मावळतो, मग ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. सूर्यप्रकाशात हॉपमधील आम्लांचे विघटन होऊन उग्र, जळक्या रबराची आठवण करून देणारे गंधकयुक्त संयुग तयार होते. तपकिरी काच हा प्रकाश बऱ्याच अंशी अडवते, हिरवी व पारदर्शक काच फारसा अडवत नाही. धातूच्या डब्यात हा धोका उरत नाही.

आवड आणि परीक्षण

पसंती मोजण्यासाठी ग्राहकांना नऊ बिंदूंच्या श्रेणीवर मत विचारतात. दोन नमुन्यांत खरोखर फरक आहे का, हे पाहण्यासाठी त्रिकोणी चाचणी घेतात. १९४० च्या दशकात कार्ल्सबर्गच्या कारखान्यात विकसित झालेल्या या चाचणीत तीन ग्लास दिले जातात. त्यांपैकी दोन सारखे व एक वेगळा असतो. वेगळा ग्लास केवळ अंदाजाने ओळखण्याची शक्यता एक-तृतीयांश असते. म्हणून १२ परीक्षकांपैकी किमान ८ जणांनी तो अचूक ओळखला, तरच फरक सांख्यिकीय दृष्ट्या ग्राह्य धरतात. लहान नमुन्यांसाठी वापरली जाणारी 'स्टुडंटची टी-चाचणी'ही बिअरच्या कारखान्यातच जन्मली. डब्लिनच्या गिनेस कंपनीतील विल्यम सीली गॉसेट यांनी ती १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने प्रसिद्ध केली.

या पद्धती बिअरपुरत्या मर्यादित नाहीत. संवेदनात्मक मूल्यमापन हा अन्नतंत्रज्ञानाच्या अभ्यासाचा भाग आहे. ज्वारीची भाकरी, तूरडाळ किंवा दही यांच्या चवीची तुलनाही याच पद्धतींनी करता येते.

महाराष्ट्र आणि मराठवाडा

महाराष्ट्रात क्राफ्ट बिअरचा प्रसार प्रामुख्याने पुणे व मुंबई येथे झाला. पुण्यात २००९ साली सुरू झालेली 'डूलाली' ही देशातील सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक होय. तिच्या नावातील इंग्रजी बोलीशब्द नाशिकजवळील देवळालीच्या लष्करी छावणीवरून रूढ झाला. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज औद्योगिक परिसरात मोठ्या प्रमाणावर लागर तयार होते. भारतीय बाजारात तीव्र लागरला मोठी मागणी आहे. तिच्यात कडवटपणा मुद्दाम कमी ठेवलेला असल्याने हॉपप्रधान लागर प्रथम चाखणाऱ्यास कडवटपणा हाच दोष वाटण्याचा संभव असतो.

पुण्याहून रस्त्याने लातूर सुमारे ३३०, तर नांदेड सुमारे ४५० किलोमीटर आहे. उन्हाळ्यात नांदेडचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. बिअर व्यवसायात एक ढोबळ संकेत प्रचलित आहे : ३ अंश तापमानात ३०० दिवसांत, २२ अंशांत ३० दिवसांत आणि ३२ अंशांत केवळ ३ दिवसांत बिअरचा शिळेपणा साधारण सारखाच वाढतो. यानुसार मे महिन्यात शीतसाखळीशिवाय केलेली काही दिवसांची वाहतूक व गोदामातील साठवण हॉपचा सुगंध हिरावून घेण्यास पुरेशी ठरते. अशा नमुन्यात ओल्या पुठ्ठ्याची चव आढळल्यास दोष निर्मात्याच्या माथी मारण्यापूर्वी निर्मितीची तारीख, वेष्टन आणि साठवण तपासावी लागते. याउलट लोण्याचा वा मक्याचा वास आला, तर साठवणीकडे बोट दाखवून निर्मात्याची सुटका होत नाही. ताजेपणाचे हे तत्त्व या भागास नवीन नाही. झाडावरून उतरवलेली शिंदी सकाळी गोड असते व काही तासांत आंबू लागते, हे सर्वांना ठाऊक असते. लागरमधील बदल त्याहून मंद असला तरी तिलाही वय असते.

बिअरचा ९० टक्क्यांहून अधिक भाग पाणी असते आणि ती तयार करताना तिच्या कित्येक पट पाणी लागते. एप्रिल २०१६ मधील दुष्काळात मिरजेहून 'जलदूत' रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश दिला. ही कपात १० मेपासून ६० टक्के करण्यात आली. त्यामुळे या प्रदेशात बिअरच्या गुणवत्तेची चर्चा पाण्याच्या प्रश्नापासून वेगळी काढता येत नाही.

कायदा व आरोग्य

महाराष्ट्रात बिअर पिण्यासाठी किमान वय २१ वर्षे असून मद्यसेवनासाठी परवाना आवश्यक असतो. परीक्षणात प्रत्येक नमुन्याचे काही घोटच घेतले जातात व नमुन्यांची संख्या मर्यादित ठेवली जाते. मद्यार्कामुळे काही वेळाने गंध व चव यांची जाणीव मंदावते, त्यामुळे अधिक पिणारा परीक्षक विश्वसनीय राहत नाही. मद्यार्क कर्करोगकारक असल्याचे सिद्ध झाले असून क्राफ्ट बिअरही त्याला अपवाद नाही.