दुर्बीण घेताना: आठ की दहा?

मी सध्या कुंभकोणमजवळ इन्नंबूरला आहे. कावेरीच्या पाण्यावरची भातशेती, आणि पहाटे बांधावर अंग आक्रसून बसलेला वंचक. नुसत्या डोळ्यांना तो मातीचं ढेकूळ वाटतो; उडाला की पांढरे पंख दिसतात, तेव्हा कळतं. दुर्बिणीची खरी परीक्षा हा पक्षी घेतो.

दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. पक्षी आठपट जवळ दिसतो, आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. आता ४२ला ८ने भागा. सव्वापाच. एवढ्या मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात उतरतो. अंधुक उजेडात आपली बाहुली साधारण तेवढी उघडते, म्हणून चित्र उजळ दिसतं. खिशात मावणाऱ्या ८×२५मध्ये हाच झोत जेमतेम ३ मिलिमीटर. दुपारी चालेल, पहाटे वंचक काळपटच राहील.

मग दहापट का नको? हाताचा कंपही दहापट होतो आणि दिसणारा टापू आकसतो. वेडा राघू तारेवरून झेपावला की शोधतच बसा! कोडिक्करैच्या पाणथळीवरचे दूरचे रोहित पाहायला दहा ठीक. झूमवाल्या, वीसपटवाल्यांकडे मात्र ढुंकूनही पाहू नका.

चष्मा असेल तर दुकानात चष्म्यासकट पाहा. कडेला काळी सावली नको. दमट हवेसाठी नायट्रोजन भरलेली, सीलबंद घ्या, म्हणजे आतून वाफ धरत नाही. आणि पट्टा रुंद लावा, मान दुखत नाही.