इंधन चिल्लर, बांधकाम डोंगराएवढं

बोटाच्या पेराहूनही लहान अशी युरेनियमची एक गोळी साधारण टनभर कोळशाचं काम करते. मग अणुवीज महाग का? कारण खरा खर्च इंधनाचा नाहीच, तो बांधकामाचा आणि त्यावरच्या व्याजाचा. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. बांधकामाचं देणं केव्हाच फिटल्यामुळे त्यांची वीज पुढे बरीच स्वस्त पडली.

नव्या भट्टीचं गणित वेगळं. फ्रान्समधल्या फ्लामांव्हिलला २००७ साली काम सुरू झालं, तेव्हाचा अंदाज होता ३.३ अब्ज युरो. प्रत्यक्षात वीज आली डिसेंबर २०२४ मध्ये आणि खर्च गेला १३ अब्जांच्या घरात. कर्ज काढून घर बांधणाऱ्याला हे दुखणं वेगळं सांगायला नको: काम रेंगाळलं तरी व्याजाचं मीटर थांबत नाही. जैतापूरसाठी ठरलेल्या सहा भट्ट्या याच जातीच्या, म्हणजे ईपीआर नावाच्या रचनेच्या.

उलट गुजरातमध्ये २०२० च्या लिलावात सौरवीज युनिटला १ रुपया ९९ पैशांवर उतरली. अर्थात हा दर दुपारचा. रात्री आठला पंखा फिरवायचा तर त्यात बॅटरीचा खर्च मिळवावा लागतो. तुलना करणारे नेमकं तेच विसरतात.